आधी नकाशा, मग माणसे

शहराचा विकास आराखडा तयार झाला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांतली एक सूचना झळकते. नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना महिना-दोन महिन्यांच्या आत लेखी सादर कराव्यात, असे तीत म्हटलेले असते. ह्या सूचनेलाच आपले शासन 'लोकसहभाग' म्हणते. पुढील वीस वर्षे लाखो माणसांनी कुठे राहावे, पावसाचे पाणी कुठे जावे, विहिरी गोड्या राहाव्यात की खाऱ्या व्हाव्यात, हे ठरवणारा दस्तऐवज बंद दाराआड सिद्ध करायचा आणि घर बांधून झाल्यावर मालकाला विचारायचे, जिना कुठे हवा होता? ह्याला सहभाग म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

१९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम ह्या पद्धतीचा आधार म्हणून नेहमी पुढे केला जातो. प्रथम जमिनीच्या विद्यमान वापराचे सर्वेक्षण, मग प्रारूप आराखडा, मग हरकती, मग सुनावणी, असा त्याचा क्रम. सुनावणी घेणाऱ्या समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले चारपर्यंत जाणकार असावेत, असे कलम २८ सांगते. परंतु सर्वेक्षणाच्या वेळी लोकांना विचारू नये, असे हा कायदा कुठेही म्हणत नाही. ती बंदी प्रशासनाच्या सवयीने घातली आहे.

वसईपुरतेच बोलायचे तर ही सवय आपल्याला पस्तीस वर्षांपासून परिचयाची आहे. वसईच्या नियोजनाचे अधिकार १९९० मध्ये सिडकोकडे गेले. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली 'हरित वसई' चळवळीने टँकरने उपसल्या जाणाऱ्या विहिरींचा आणि बिल्डरांच्या हाती जाणाऱ्या वाड्यांचा प्रश्न रस्त्यावर आणला. २००१ ते २०२१ ह्या काळासाठी केलेल्या विकास आराखड्याला मंजुरी मिळेपर्यंत २००७ उजाडले. म्हणजे मुदतीतली पहिली काही वर्षे आराखडाच नव्हता, इमारती मात्र होत्या! ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून महापालिका स्थापन झाली.

ह्या शेवटच्या घटनेकडे आपण पुरेसे गांभीर्याने पाहिले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. गावे शहरात गेली तेव्हा त्यांची ग्रामसभा गेली. गावातला कोणताही मतदार जिथे उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकत होता, ती एकमेव जागा नाहीशी झाली. तिच्या बदल्यात काय मिळाले? नागरी भागांत 'क्षेत्रसभा' असाव्यात, अशी तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ मध्येच झाली. वाचकांपैकी किती जण अशा सभेला बसले आहेत? पुढे जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. नगरसेवक नाहीत म्हणजे स्थायी समिती नाही. सर्वेक्षणही प्रशासनाचे, आराखडाही प्रशासनाचे आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकायलाही प्रशासनच, असा हा न्याय!

२०१६ साली मुंबई महानगर प्रदेशाच्या २०३६ पर्यंतच्या प्रादेशिक आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले, तेही आधी इंग्रजीत. ज्या शेतकऱ्याच्या केळीच्या बागेवर नकाशातला रंग बदलणार होता, त्याने आधी मराठीसाठी भांडायचे आणि मग बागेसाठी. वसईकर भांडले. हजारोंनी हरकती दाखल केल्या. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तरीही एक कटू गोष्ट बोलावीच लागेल. एकाच मजकुराच्या झेरॉक्स प्रतींखाली हजार सह्या असल्या, तरी सुनावणी घेणारा अधिकारी त्यांना एकच हरकत मानून हातावेगळे करू शकतो. सर्व्हे नंबर, बावखलाची जागा, पाणी वाहून जाण्याची वाट ह्यांसह लिहिलेला एकच अर्ज मात्र त्याला तसा बाजूला सारता येत नाही. त्याचे उत्तर द्यावे लागते, निदान न देण्याचे कारण तरी शोधावे लागते.

मुंबईचे उदाहरण पाहा. तिथल्या विद्यमान भूवापराच्या नकाशांतील चुका नागरिकांनी आणि अभ्यासकांनी आधीच दाखवून दिल्या होत्या. तरी फेब्रुवारी २०१५ मधील प्रारूप आराखडा चुकांनी इतका भरलेला निघाला की उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले आढळले आणि प्रार्थनास्थळे व वारसावास्तूंच्या नोंदीही चुकीच्या होत्या. हरकतींचा पूर आला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मागे घेऊन नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. चुका आधी ऐकल्या असत्या, तर ही वर्षे वाचली नसती का? गोव्यात तर २००६-०७ च्या जनआंदोलनाने २०११ चा प्रादेशिक आराखडा रद्द करवला आणि पुढच्या आराखड्याचे नकाशे गावोगाव चर्चेला गेले. त्या आराखड्याची पुढे काय परवड झाली ही वेगळी कथा. पण नकाशा गावात नेता येतो, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

नियोजन हे तज्ज्ञांचे काम, सामान्यांना त्यातले काय कळते, असा युक्तिवाद केला जातो. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, मिठागरांतली माणसे अडकून पडली. त्यानंतर कारणे शोधण्यासाठी आयआयटी आणि नीरी ह्या संस्थांना पाचारण करण्यात आले. त्या संस्थांविषयी आदर आहे. पण कोणता ओहोळ कोणत्या खाडीला मिळत होता आणि तो कोणत्या साली बुजवला गेला, हे वसईतल्या शेतकऱ्याला पूर येण्याआधीच ठाऊक होते. त्याला विचारण्यासाठी निविदा काढावी लागली नसती.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो टाळू नये. हरित वसईचा आग्रह म्हणजे जमीनमालकांनी आपल्या वाड्या राखण्यासाठी नव्याने येणाऱ्यांना दार बंद करणे होय, असे म्हटले जाते. ह्यात तथ्य मुळीच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०११ च्या जनगणनेत ह्या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. त्यांतले बहुसंख्य लोक मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे आले. शिवाय वाड्या कोणी विकल्या? साठेकरारावर सही करणारे हात आपल्याच कुटुंबांतले होते. विकासाला विरोध सभेत करायचा आणि मोबदला रजिस्ट्रार कचेरीत घ्यायचा, हा दुटप्पीपणा अधिकाऱ्यांच्याही नजरेतून सुटलेला नाही.

परंतु लोकांना न विचारण्याची सर्वांत जबर किंमत मोजली ती ह्याच नव्या रहिवाशांनी. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडण्यात आल्या आणि दोन हजारांवर कुटुंबे उघड्यावर आली. आराखड्यात आरक्षण होते. ते कागदावर ठळक रंगवलेलेही असणार. परंतु तो कागद प्रभागातल्या भिंतीवर मराठी-हिंदीत लावलेला असता, तर आयुष्यभराची कमाई त्या सदनिकांत ओतण्यापूर्वी एखाद्याने तरी तिथे बोट ठेवून विचारले असते. उलट इमारती चढत असताना आरक्षणाची राखण करणारे कोणीच नव्हते.

'शाश्वत विकास' हा शब्द आता प्रत्येक अहवालाच्या मुखपृष्ठावर असतो. १९९२ च्या रिओ परिषदेने जगातल्या नगरपालिकांना सांगितले होते की १९९६ पर्यंत आपापल्या नागरिकांशी विचारविनिमय करून स्थानिक कार्यक्रम ठरवा. आपल्याकडे शब्द आला, विचारविनिमय मागेच राहिला.

म्हणून माझी मागणी आहे ती हरकतींच्या मुदतवाढीची नाही. २००१-२०२१ च्या आराखड्याच्या जागी येणाऱ्या आराखड्यात विद्यमान भूवापराचा नकाशा प्रभागाप्रभागांत, मराठीत, सर्व्हे नंबरांसह उघडा लावला पाहिजे आणि रेषा ओढण्यापूर्वी क्षेत्रसभा घेतल्या पाहिजेत. त्या सभांत वाडीचा मालक असावा, तसा चाळीतला भाडेकरूही असावा; मासळी विकणारी असावी आणि पहाटेच्या लोकलने जाणारी कामगार स्त्रीही असावी, म्हणजे सभा रविवारी हवी. प्रशासन हे आपण होऊन करील अशी आशा मला नाही. तोवर गावोगावच्या मंडळांनी एक वही घालून आपल्या गावातली बावखले, विहिरी, ओहोळ आणि पाणी साचण्याच्या जागा सातबाऱ्यावरून आणि वृद्धांना विचारून नोंदवायला घ्याव्यात. बुजवलेल्या बावखलांचीही नोंद करावी, आणि ती कोणी बुजवली ह्या रकान्यात नातेवाइकाचे नाव आले तर तेही लिहावे.