विश्लेषण : इन्सुलिन रुग्णाला देता येते, मग शिकवले का जात नाही?

मधुमेहाने पायाची जखम चिघळलेला रुग्ण पंधरवडाभर वॉर्डात राहतो. साखर आटोक्यात येते, डिस्चार्ज कार्ड हातात पडते आणि काही आठवड्यांत तो पुन्हा त्याच दारात उभा असतो. दरवेळी औषधच चुकलेले असते असे नाही. सुई स्वतः कशी टोचायची, हे त्याच्याकडून कुणी एकदाही करवून घेतलेले नसते.

ओरेम यांचा सिद्धांत काय सांगतो?

अमेरिकी परिचारिका डोरोथिया ओरेम यांचे मुख्य पुस्तक १९७१ मध्ये आले. माणूस स्वतःची काळजी स्वतः घेतो. ते जमेनासे होते तिथे परिचारिकेचे काम सुरू होते, ही त्यांची मांडणी. बेशुद्ध रुग्णाचे सगळे तिने करायचे. शस्त्रक्रियेनंतर उठू लागलेल्याचे काही त्याने, काही तिने. घरी निघालेल्याला मात्र शिकवायचे, करायचे त्यानेच.

मग अडते कुठे?

बीएस्सी नर्सिंगची प्रत्येक विद्यार्थिनी हे केअर प्लॅनच्या वहीत लिहिते. नोकरी लागली की वही कपाटात जाते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकीवर असू शकतो. अशा वेळी पटकन इंजेक्शन देऊन पुढच्या खाटेकडे जाणे सोपे. शिकवायला दहा मिनिटे लागतात, आणि त्या दहा मिनिटांची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

पण तिथेच धोका आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या ४० आणि १०० युनिट प्रति मिलिलीटर अशा दोन्ही मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० च्या कुपीतले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरले, तर शरीरात ५० युनिट जातात. साखर एकदम कोसळून जीवावर बेतू शकते. उलट अदलाबदल झाली तर २० ऐवजी ८ युनिटच जातात आणि जखम भरत नाही. कार्डावर मात्र ‘२० युनिट’ एवढेच असते.

ओरेम यांनी काळजी घेणाऱ्या घरच्यांचाही विचार केला होता. आपल्या वॉर्डात ती सून किंवा मुलगी खाटेखाली चटई टाकून बसलेलीच असते. तिला आपण फक्त औषधे आणायला पिटाळतो. मनुष्यबळ वाढायला वर्षे लागतील. तोवर निदान एवढे व्हावे : रुग्णाने किंवा तिने परिचारिकेसमोर दोनदा बरोबर डोस भरून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही होऊ नये.