टोकन वाचलं म्हणजे तपासलं नव्हे

मेहरूणमध्ये घरी बसून सॉफ्टवेअर लिहिणारी मुलं आता जळगावकरांना नवीन नाहीत. पतसंस्थेचं ॲप, क्लासची फी, दवाखान्यातल्या नंबरची नोंद अशी कामं ती घेतात. पासवर्ड स्वतः सांभाळण्याऐवजी लॉगिन फायरबेस किंवा कॉग्निटोसारख्या क्लाउड सेवेकडे सोपवतात, आणि ते योग्यच आहे. पण सेवेने सही करून दिलेलं टोकन प्रत्येक विनंतीबरोबर परत येतं, तेव्हा ते तपासण्याची जबाबदारी आपल्या सर्व्हरची असते. ही जबाबदारी अनेक ठिकाणी घेतलीच जात नाही, म्हणून हा लेख.

हे टोकन जेडब्ल्यूटी प्रकारचं असतं. त्याचे तीन भाग असतात: शीर्षक, मजकूर आणि सही. मधला मजकूर गुप्त नसतो, तो कोणालाही उलगडता येतो. नोडमधल्या जेसनवेबटोकन या लायब्ररीत ‘डीकोड’ आणि ‘व्हेरिफाय’ अशी दोन वेगळी फंक्शन्स आहेत. डीकोड सही तपासत नाही, असा इशारा लायब्ररीच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. तरीही घाईत डीकोड वापरलं जातं, कारण त्यातून युजर आयडी मिळतो आणि स्क्रीन चालू होते. अशा सर्व्हरला कोणीही स्वतः लिहिलेलं टोकन पाठवून हव्या त्या सभासदाच्या नावाने आत येऊ शकतो.

सही तपासली तरी काम संपत नाही, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे. फायरबेसचं उदाहरण घ्या. वेगवेगळ्या प्रकल्पांच्या टोकनांवर गूगल त्याच चाव्यांनी सही करतो. म्हणजे परक्या माणसाने पाच मिनिटांत स्वतःचा प्रकल्प उघडला, त्यात तुमच्या ग्राहकाचाच युजर आयडी असलेलं खातं तयार केलं आणि तिथलं टोकन तुमच्या सर्व्हरला पाठवलं, तर त्यावरची सही अस्सल असेल. फरक फक्त दोन रकान्यांत दिसेल: टोकन कोणी दिलं आणि कोणासाठी दिलं. अधिकृत ॲडमिन लायब्ररी हे दोन्ही रकाने पाहते. स्वतः लिहिलेला कोड बहुधा पाहत नाही. सातबाऱ्यावरची डिजिटल सही खरी असली तरी आपण गट क्रमांक वाचतोच, कारण खरा उतारा शेजारच्या जमिनीचाही असू शकतो.

कॉग्निटोत आणखी एक खाच आहे. तिथे आयडी टोकन आणि ॲक्सेस टोकन वेगळी असतात. नेहमीच्या ॲक्सेस टोकनात ऑडियन्सचा, म्हणजे ‘कोणासाठी’चा, रकाना नसतो, क्लायंट आयडीचा असतो. कोणत्या कामासाठी कोणतं टोकन चालेल, हे कोडमध्ये ठरवून लिहावं लागतं.

हे फक्त लहान गावातल्या नवख्यांच्या बाबतीत घडतं, असं कोणी समजू नये. 2023 मध्ये स्टॉर्म-0558 या हल्लेखोर गटाने मायक्रोसॉफ्टची 2016 ची एक सहीची चावी वापरली. ती चावी सामान्य ग्राहकांच्या खात्यांसाठी होती. तरीही तिने सही केलेली टोकनं संस्थांच्या मेलसाठी स्वीकारली गेली, आणि अमेरिकी सरकारच्या अधिकाऱ्यांची पत्रं वाचली गेली. टोकन कोणी दिलं, हे लायब्ररी आपोआप तपासते, असं मेल यंत्रणा लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. मायक्रोसॉफ्टने स्वतःच पुढे हे सांगितलं.

आपल्या राज्यातली घटना तांत्रिकदृष्ट्या वेगळी आहे, पण चूक जवळची आहे. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला आणि 28 देशांतल्या एटीएमवरून आलेल्या मागण्यांना बँकेच्या मुख्य प्रणालीला न विचारताच परस्पर होकार मिळत गेला. होकार आला, पण तो देणारा कोण आहे, हे विचारणारं मधे कोणी नव्हतं.

अल्गोरिदमही टोकनवर सोडू नये. सही कोणत्या पद्धतीची आहे हे टोकनचं शीर्षक सांगतं, आणि ते शीर्षक पाठवणाऱ्याच्या हातात असतं. 2015 मध्ये उघड झालेल्या त्रुटींत काही लायब्रऱ्या ‘नन’ म्हणजे सहीच नाही, हेही मान्य करत होत्या. काही ठिकाणी सार्वजनिक चावी गुप्त चावी समजून वापरली जात होती. म्हणून आरएस256 ही सहीची पद्धत हवी असेल तर तेवढीच आपल्या कोडमध्ये लिहा. चाव्याही टोकनात दिलेल्या पत्त्यावरून आणू नका, सेवेच्या ठरलेल्या पत्त्यावरून आणा.

मुदतीचंही तसंच. फायरबेसचं आयडी टोकन एक तास चालतं. खातं बंद केलं तरी नुसती सही आणि मुदत पाहणाऱ्या सर्व्हरला ते तोपर्यंत बरोबरच दिसेल. पतसंस्थेतून पैसे हलवायचे असतील, तर टोकन रद्द झालंय का, हे सेवेला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यासाठी क्षणभर उशीर झाला तरी चालेल.

मेहरूणमधल्या, धुळ्यातल्या, कुठल्याही गावातल्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. चालू प्रकल्पात आजच ‘डीकोड’ हा शब्द शोधा. मग सर्व्हरला तीन टोकनं पाठवून पाहा: मुदत संपलेलं, दुसऱ्या प्रकल्पाचं आणि मजकुरातलं एक अक्षर बदललेलं. तिन्हींना 401, म्हणजे नकार, यायला हवा. एकालाही आत प्रवेश मिळाला, तर ग्राहकाला कळवा आणि दुरुस्ती होईपर्यंत ती सेवा बंद ठेवा.