फिश टँकचा पंप आणि विजेचे बिल

गेल्या दिवाळीत चिरंजिवांच्या हट्टापायी आमच्याकडे फिश टँक आला. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. पाणी जेमतेम ५० लिटर. त्यात गप्पी, मॉली आणि दुकानदाराने आग्रहाने गळ्यात मारलेला पंप. पुढच्या महिन्याचे विजेचे बिल पाहून सासूबाई म्हणाल्या, “अगं, मासे झोपल्यावर कशाला हवा तो पंप? रात्री बंद करत जा.” मलाही पटलं. आठवडाभरात मासे सकाळी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले आणि दोन मॉली दगावल्या. लेक त्या दिवशी धड जेवला नाही.

चूक मागाहून कळली. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया उतरतो, तो विषारी. फिल्टरच्या स्पंजात वस्ती करून राहिलेले जिवाणू त्याचा बंदोबस्त करतात. पण त्यांना वाहत्या पाण्यातून प्राणवायू मिळावा लागतो. पंप तासन् तास बंद राहिला की तेच मरू लागतात. त्यातून रात्री पाण्यातली रोपेही प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात. म्हणजे नेमक्या नको त्या वेळी आपण बटण बंद करतो!

मग मी वही घेऊन बसले. पंप चोवीस तास चालतो, म्हणून त्यावरच्या वॉटच्या आकड्याची साधारण पाऊणपट करा, तेवढी महिन्याची युनिटे. आमचा पंप १८ वॉटचा, म्हणजे १३ युनिटे. रात्री आठ तास बंद ठेवून वाचत होती फक्त चार-सव्वाचार. आणि हा पंप ताशी १००० लिटर पाणी फिरवणारा! ५० लिटरच्या टाकीला ताशी २००-२५० लिटर पुष्कळ होतात. बिचारे गप्पी दिवसभर प्रवाहाशी झुंजत होते.

आता स्पंज फिल्टर आणि ३ वॉटचा एअर पंप आहे. महिन्याला दोन युनिटांच्या आसपास. तो थोडा गुणगुणतो खरा, पण खाली जाड कापडाची घडी ठेवली की आवाज कमी होतो. तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे पंपात येते. पाण्यात बुडवायचा पंपच हवा असेल तर ५-६ वॉटचा बघा. मोठा पंप घेऊन त्याचा प्रवाह चिमटीने कमी केला तर वीज फारशी वाचत नाही. तो जवळजवळ तेवढीच ओढत राहतो. शिवाय बुडालेल्या पंपाची ऊब पाण्यात उतरते, ती आपल्या उन्हाळ्यात नकोच. हल्ली डीसी मोटरचे पंप मिळतात. ते वीज कमी खातात, वेगही कमीजास्त होतो. मोठ्या टाकीला उत्तम, पण आपल्या छोट्या टाकीत त्यांची किंमत वसूल व्हायला वर्षे लागतील.

एक मात्र सांभाळा. नवा फिल्टर आणलात म्हणून जुना लगेच काढू नका. तीन-चार आठवडे दोन्ही चालू द्या, म्हणजे जिवाणू नव्या स्पंजात रुजतील. आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, त्यातल्या क्लोरीनने ते मरतात. टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात पिळा. ते पाणी मी तुळशीला घालते.