श्वानाच्या रक्तपेशी ओळखायच्या कोणी?

खंडाळ्याच्या दमट घाटमाथ्यावर, जेथे मुंबईकर धनिकांच्या बंगल्यांत लाडाने वाढलेली आणि स्टेशनाबाहेर बेवारस हिंडणारी कुत्री अखेर एकाच गवतातून फिरतात, तेथे गोचीड हा उभयतांचा सामाईक सावकार होय. आणि त्याच्या दंशातून एर्लिकिया नावाचा जो सूक्ष्मजंतू श्वानाच्या श्वेतपेशींत ठाण मांडतो, तो क्वचित रक्तातील लसिकापेशींची संख्या इतकी वाढवतो की हा गोचीडताप की रक्ताचा कर्करोग, असा संभ्रम निष्णात पशुवैद्यालाही पडावा.

या मामल्याचा निवाडा नुसत्या सूक्ष्मदर्शकाने होत नाही. बी आणि टी या दोन्ही जातींच्या लसिकापेशी त्याखाली बहुतेक सारख्याच दिसतात, आणि त्यांना निरनिराळे ओळखायचे तर पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट प्रथिनालाच नेमके चिकटणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड हाताशी असावे लागते. लसिकाग्रंथींच्या कर्करोगात तर टी जातीचा आजार सामान्यतः अधिक लवकर प्राण घेतो, म्हणून ही ओळख उपचाराच्या मसलतीतच महत्त्वाची ठरते.

असे प्रतिपिंड घडवण्याची युक्ती जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये सिद्ध केली: प्रतिपिंड स्रवणारी उंदराच्या प्लीहेतील पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्कपेशी यांचा संयोग घडवून, एकाच वंशाची, अखंड तेच प्रतिपिंड देणारी संकरपेशी त्यांनी निर्माण केली. पुढे १९८४ साली या दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक लाभले. या युक्तीचे पेटंट मात्र घेतले गेले नाही, कारण ब्रिटिश सरकारी महामंडळाला तिचा तत्काळ उपयोग दिसला नाही, आणि दप्तरी अनास्थेने जगावर उपकार केल्याचे हे विरळ उदाहरण म्हणावे लागेल.

परंतु माणसासाठी घडवलेली प्रतिपिंडे श्वानाच्या पेशींना बहुधा चिकटत नाहीत, आणि माणसाच्या शरीरावरून बांधलेले अनुमानही फसते: सीडी-४ हे प्रथिन माणसात मुख्यतः साहाय्यक टी पेशींची खूण मानले जाते, पण श्वानाच्या न्यूट्रोफिल या निराळ्या श्वेतपेशींवरही ते आढळते. म्हणजे श्वानासाठी स्वतंत्र प्रतिपिंडे घडवावी लागतात, आणि ती पारखूनही घ्यावी लागतात; याच हेतूने १९९३ साली केंब्रिजमध्ये शास्त्रज्ञांनी एकत्र बसून आपापली प्रतिपिंडे ताडून पाहिली.

माणसांचीच इस्पितळे अपुरी असताना कुत्र्यांचे हे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. मला हा आक्षेप उथळ वाटतो. आपल्याच घरात, आपल्याच हवेत राहणाऱ्या या प्राण्याला लसिकाग्रंथींचा कर्करोग आपल्यासारखाच आपोआप जडतो, आणि म्हणूनच त्याच्या पेशींचा अभ्यास अंती माणसाच्याही उपयोगी पडतो.

आणि श्वानासाठी अशी प्रतिपिंडे घडवण्याची साधने दूर नाहीत: खंडाळ्याच्या एका अंगास परळचे, १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसऱ्या अंगास पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि त्याचे पेशीभांडार आहे, शिवाय रेबीजविरुद्ध माणसांसाठी मोनोक्लोनल प्रतिपिंड बाजारात आणणारी सीरम इन्स्टिट्यूटही आहे. पुढे सातारा जिल्ह्यात शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तेही योगायोगाने खंडाळा याच नावाच्या तालुक्यात! तेव्हा सरकारने नव्या संस्थेची पाटी लावण्याच्या भरीस न पडता, पशुवैद्यांनी रुग्ण व नमुने पुरवावेत, पेशी केंद्राने संकरपेशी घडवून त्यांचा सांभाळ करावा आणि मागेल त्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेला त्या माफक दरात द्याव्यात, एवढ्या तजविजीसाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी.