शिधापत्रिका हवी, लाटणेही हवे

समाजवाद म्हणजे रिकाम्या दुकानांपुढच्या रांगा, हा भांडवलदारी वृत्तपत्रांचा जुना पाढा आहे. 1991 साली सोव्हिएत संघ विघटित झाल्यापासून तो अधिकच जोराने म्हटला जातो. या प्रचाराला उत्तर स्वयंपाकघरातूनच दिले पाहिजे, आणि ते पुरा हिशेब मांडून दिले पाहिजे.

जिथे रांग नसते तिथे सर्वांची चूल पेटते काय? झाशी जिल्ह्यातील मऊरानीपुर पाहा. नेवाळकरांच्या झाशीमुळे मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. 1896–97च्या दुष्काळात बुंदेलखंड होरपळला, तेव्हा झाशी–माणिकपूर लोहमार्ग होऊन काही वर्षे लोटली होती. आगगाडी मऊरानीपुरच्या दाराशी होती. परंतु खाजगी धान्यव्यापारात हात घालायचा नाही, हे इंग्रज सरकारचे धोरण होते. गरिबाच्या वाट्याला कोदो आणि मोहाच्या फुलांची डुबरी. ज्याच्या गाठी पैसा नाही त्याची भूक बाजार मोजतच नाही. रांग नव्हती ती याच कारणाने: रांगेत उभे राहण्याचा हक्कच गरिबाला नव्हता.

हा हक्क समाजवादी देशांनी मान्य केला. क्यूबाने 1962 साली कुटुंबागणिक शिधापुस्तिका दिली. सोव्हिएत देशात पावाचा भाव दशकानुदशके जवळजवळ स्थिर राहिला. कारखान्यांच्या भोजनालयांनी कामगार स्त्रीच्या माथ्यावरचा चुलीचा भार काही अंशी उतरवला. ही मिळकत क्षुल्लक नव्हे.

परंतु हिशेबाचे दुसरे पान फाडून टाकणे मार्क्सवाद्याला शोभत नाही. 1932–33 साली युक्रेन व कझाकस्तानात सक्तीच्या वसुलीपायी लक्षावधी माणसे उपासमारीने मेली. 1958 साली चीनच्या कम्यूनमध्ये सामुदायिक भोजनालये निघाली. घरची भांडीकुंडी पोलादाच्या भट्टीत गेली. पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवले गेले आणि त्या आकड्यांवर धान्य उचलले गेले. 1961पर्यंत कोट्यवधी जीव गेले. जून 1962मध्ये मांस आणि लोण्याचे भाव वाढले म्हणून नोवोचेर्कास्कचे कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. 26 जण ठार झाले. याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि ते कुणी करूही नये.

यातून नियोजन हेच पाप ठरते काय? मुळीच नाही. पेरणारा आणि रांधणारी यांचे तोंड जिथे बंद झाले, तिथे योजना आंधळी झाली. भांडे रिकामे आहे हे सर्वांत आधी कळते ते चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीला. तिलाच बोलू दिले नाही तर कागदावरची कोठारे भरलेलीच राहतात.

आपल्याकडचा धडा याच्या उलट आहे. 1972 साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्यासह हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. रास्त भावाचे धान्य, तेल, साखर आणि रॉकेल ही त्यांची मागणी होती. म्हणजे योजनाच हवी होती. पण जाब विचारण्याचा हक्क हातात ठेवून.

आज काय स्थिती आहे? 1997 साली दारिद्र्यरेषेची कात्री लावून सार्वत्रिक शिधावाटप मोडण्यात आले. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा 5 किलो धान्य मान्य केले. पण मऊरानीपुरच्या ज्या परिसरात हरभरा, उडीद आणि भुईमूग पिकतो, तिथल्या शिधापत्रिकेवरही कायद्याने डाळ नाही की तेल नाही. 2022च्या निवडणुकीच्या तोंडावर उत्तर प्रदेश सरकारने हरभरा, तेल आणि मीठ मोफत वाटले. निवडणूक सरल्यावर काही महिन्यांत ते बंदही झाले. राज्यकर्त्यांनी दिलेले दान राज्यकर्तेच काढून घेतात. हक्क तसा काढून घेता येत नाही.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. शिधावाटप सार्वत्रिक करा, आणि त्यात डाळ व तेलाचा कायद्याने समावेश करा. त्याचबरोबर, रास्त भाव दुकानाच्या पातळीवरील ज्या दक्षता समित्या याच कायद्याने सांगितल्या आहेत, त्या गावोगाव जिवंत करा आणि त्यांत रांधणाऱ्या स्त्रियांना बसवा. कायद्याने शिधापत्रिकेवर स्त्रीला कुटुंबप्रमुख केलेच आहे. दुकानाच्या हिशेबवहीवरही तिची नजर राहू द्या. शिधापत्रिकेवाचून लाटणे उपाशी राहते. लाटण्यावाचून शिधापत्रिका नुसता कागद ठरते.