बसल्यावर घरी परतायचं कसं?

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की संध्याकाळी सातनंतर ढाब्यांपुढे मोटारसायकली लागायला सुरुवात होते. नंबर बहुतेक एमएच २३, मधूनच एखादा एमएच ४४. म्हणजे हे लांबचे प्रवासी नव्हेत, आसपासच्या गावांतलीच माणसं. दहा-साडेदहाला हीच माणसं बाहेर येतात, एकमेकांना हाका मारतात आणि किल्ली फिरवतात. एका गाडीवर दोघं, कधी तिघं. हेल्मेट कुणाच्याच डोक्यावर नसतं. कुणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं असतं, ‘काय हुतंय ओ, एकच क्वार्टर घेतलीय. रोजचा रस्ता आहे.’

या ‘एकच क्वार्टर’बद्दल मला लिहायचं आहे, कारण मापात पिणाऱ्याला कायद्यानं छळू नये, असं म्हणणारे शिकलेले लोक आता आपल्याकडेही बरेच झालेत. त्यांचं म्हणणं असं की बेवड्याला पकडा, जो दोन पेग घेऊन शुद्धीत घरी जातो त्याला कशाला अडवता? या बोलण्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. थोडी दारू शरीराला चालते का, हा एक प्रश्न. थोडी दारू घेऊन गाडी चालवता येते का, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर गेल्या काही वर्षांत बरंच बदललंय. थोडी घेणाऱ्यांचं हृदय अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा चांगलं असतं, असं एकेकाळी अभ्यास सांगायचे. मग लक्षात आलं की आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही त्यांतल्या कित्येक अभ्यासांत ‘न पिणारे’ म्हणूनच मोजली गेली होती. त्यामुळे न पिणारे आजारी दिसत होते. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सरळ सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. तरीही कुणी आपल्या घरात बसून, आपल्या जिवाची जोखीम पत्करून घेत असेल, तर त्याच्याशी वाद घालता येईल, दंडुका उगारता येणार नाही. रस्त्यावर मात्र जोखीम त्याच्या एकट्याची राहत नाही.

मोटार वाहन कायद्याचं १८५ वं कलम १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालवून घेतं. त्यापुढे पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० आहे, स्कॉटलंडनं २०१४ मध्ये ती ५० वर आणली, स्वीडनमध्ये २० आहे. म्हणजे कागदावर आपला कायदा इंग्लंडपेक्षा पुष्कळ कडक. पण ३० मिलिग्रॅम म्हणजे किती, हे ढाब्यावर बसलेल्या शंभरातल्या एकालाही ठाऊक नसतं. म्हणून इथे हिशेब मांडतो.

क्वार्टरच्या लेबलवर बारीक अक्षरांत ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. साठ मिलिलिटरचा एक मोठा पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साठ किलो वजनाच्या पुरुषानं तो रिकाम्या पोटी घेतला, तर रक्तातलं प्रमाण ५० च्या आसपास जातं. पहिल्याच पेगला मर्यादा मागे पडली. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची मोठी बाटली, जिला आपल्याकडे कुणी दारूही म्हणत नाही, ती त्याच माणसाला शंभराच्या घरात नेते. आणि अख्खी क्वार्टर दीडशेच्या, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. जेवण, वजन, सवय यांनी थोडाफार फरक पडतो. बाईचं शरीर त्याच घोटाला जास्त चढवून घेतं. पण ‘एकच क्वार्टर’ मर्यादेत बसेल इतका फरक कुणाच्याच बाबतीत पडत नाही.

उतरण्याचा हिशेब तर त्याहून कमी लोकांना माहीत आहे. यकृत अल्कोहोल जाळतं तसं रक्तातलं हे प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीनं उतरतं. लिंबू पिळा, गार पाण्याची बादली ओता, काळा चहा पाजा, ही गती वाढत नाही. हळदीच्या रात्री बारा वाजता क्वार्टर संपवून झोपलेला पोरगा सकाळी सातला वऱ्हाडाच्या जीपवर बसतो, तेव्हाही त्याच्या रक्तात चाळीसच्या वर असू शकतं. त्याला स्वतःला तो ताजातवाना वाटतो, मागे बसलेल्या आत्या-मावश्यांनाही वाटतो. लग्नसराईत सकाळच्या अपघाताची बातमी आली की आपण रस्त्याला, खड्ड्याला, टायरला दोष देतो. आदल्या रात्रीची आठवण कुणी काढत नाही.

आता मुद्द्याचं. हा माणूस घरी का पीत नाही? घरी प्यायला असता तर निदान गाडीवर तरी नसता.

बीड हा वारकऱ्यांचा जिल्हा आहे. नारायणगड, गहिनीनाथगड, भगवानगड यांचा शब्द इथल्या घराघरांत चालतो. घरातला कर्ता पिण्यात वाहवत गेला की त्याला गडावर नेतात, माळ घालतात, शपथ देतात. कितीतरी संसार या माळेनं सावरलेत. व्यसनमुक्तीचं कुठलंही केंद्र उघडण्याच्या आधीपासून हे काम इथं चालत आलंय, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण आपल्या गावात माणूस एकतर माळकरी असतो, नाहीतर पिणारा. जो कधीमधी घेतो त्याला उंबऱ्याच्या आत जागा नाही. आईपुढे, भावजयीपुढे, वाढत्या पोरीपुढे ग्लास धरणं त्याच्या स्वप्नातही येत नाही, आणि येऊही नये. मग तो लांब जातो. ओळखीचं कुणी दिसणार नाही इतक्या लांब, म्हणजे हायवेवर. जाताना मोटारसायकल असते आणि परत यायलाही तीच. शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. पुण्या-मुंबईचा माणूस मोबाइलवरून टॅक्सी बोलावतो. शिरूर कासार किंवा वडवणीच्या वाडीवरच्या माणसानं रात्री अकराला कुणाला बोलवायचं?

म्हणून आपल्याकडचा प्रश्न मुळात परतीचा आहे.

सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१६ ला हायवेवरच्या दारूवर थेट बोट ठेवलं होतं. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत, असा तो निकाल. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू व्हायचा होता. आदल्याच दिवशी, ३१ मार्चला, वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ५०० चे २२० मीटर झाले. त्याच जुलैत शहरातून जाणारा रस्ता महामार्गाच्या यादीतून काढायला वाट मोकळी झाली. धुळे-सोलापूर महामार्ग आपल्या जिल्ह्याच्या पोटातून जातो, गेवराई, बीड, चौसाळा असा. त्या निकालाचं या रस्त्यावर काय उरलंय, ते रात्री एकदा गाडीच्या काचेतून बघा.

गावातलं दुकान बायकांनी आडव्या बाटलीच्या मतदानानं बंद केलं की पिणारा हायवेवर जातो, म्हणून दुकान गावातच बरं, असाही एक युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. मला तो अजिबात मान्य नाही. गावातल्या दुकानाची झळ बायकांना रोज रात्री सोसावी लागते. त्यांनी ते बंद करावं आणि सरकारनं रस्ता राखावा. एकाचं काम दुसऱ्याच्या अंगावर ढकलू नये. तसंही आडवी बाटली आपल्या बायकांना सोपी नाही. गावच्या यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदान दिवाळीनंतर ठेवलं, तर निम्म्या बायका कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडात असतात. जी गावात नाही तिचं न पडलेलं मत दुकानाच्या बाजूनं मोजल्यासारखंच. ऊसतोडीच्या जिल्ह्यात हे मतदान पावसाळ्यातच घ्यावं, एवढी साधी दुरुस्ती अजून का होऊ नये?

ऊस निघाला म्हणून सांगतो. हंगामात माजलगाव, केज, अंबाजोगाईच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चालतो. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंनी लोंबतो, मागचा दिवा उसानं झाकलेला, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. साठच्या वेगानं येणारी मोटारसायकल एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर आठ मीटर गेले. शुद्धीतल्या माणसालाही ती ट्रॉली उशिराच दिसते. एक पेग घेतलेल्याला ती कळते तेव्हा तो उसात शिरलेला असतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली आणि अख्खा देश त्या एका नमुन्याबद्दल बोलू लागला. ते योग्यच झालं. आपल्याकडे मात्र बहुतेकदा नमुना घेण्याचीच वेळ येत नाही. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर गेली, त्यांतले दारू-नशेच्या रकान्यात जेमतेम अडीच टक्के. रात्रीच्या रस्त्यावर वावरलेला कुणीही माणूस यावर विश्वास ठेवणार नाही. फिर्यादीत ‘भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे’ एवढं लिहिलं की कागद पूर्ण होतो. श्वास तपासायचं यंत्र ३१ डिसेंबरला शहराच्या चौकात दिसतं. ते लग्नसराईत आणि गाळपाच्या हंगामात, रात्री नऊ ते बारा, ढाब्यांच्या रांगेच्या दोन्ही तोंडांना दिसायला हवं.

आणखी एक हिशेब आहे, तो पिणारा गेल्यावर सुरू होतो. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख रुपये देणाऱ्या राज्याच्या योजनेला आपल्या जिल्ह्याच्या गोपीनाथ मुंडेंचं नाव आहे. ते स्वतः ३ जून २०१४ ला दिल्लीत रस्ते अपघातातच गेले. या योजनेत न बसणाऱ्या मृत्यूंची एक यादी आहे. त्या यादीत अमली पदार्थांच्या अमलाखाली असताना झालेला अपघात येतो. सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल असे कागद घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात बसलेली बाई बहुतेकदा आयुष्यात दारूला शिवलेली नसते. उलट तिनंच वीस वेळा सांगितलेलं असतं, पिऊन गाडीवर बसू नका म्हणून. अहवालात दारू आली की तिचे दोन लाख जातात. ढाब्यावर बसलेल्या नवऱ्याला ही अट कधी कुणी वाचून दाखवलेली नसते, त्यामुळे या अटीचा धाक त्यालाही नसतो. जी अट कुणाला थांबवत नाही आणि फक्त विधवेच्या हातून पैसे काढून घेते, ती सरकारनं काढून टाकावी. आणि ती काढेपर्यंत निदान प्रत्येक ढाब्याच्या गल्ल्यामागे, बिलाच्या वर, मोठ्या अक्षरांत लावायला सांगावी.