नळ आला, पण विहीर कुणाची?



परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. देशात पाइपलाइनमधून दरवर्षी किती तेल वाहून नेतात, याचा आलेख त्याला कॉलेजसाठी काढायचा होता. म्हणाला, "आबाजी, रेष वरच चालली आहे. करोनाच्या वर्षी जरा वाकली, मग पुन्हा वर. म्हणजे प्रगतीच ना?"

जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे लगेच 'हो' म्हणवेना.

पाइपलाइन चांगलीच. आमच्याकडे अकोल्याजवळ गायगावच्या डेपोत रेल्वेच्या वाघिणी तेल घेऊन येतात आणि रिकाम्या परत जातात. पुढे रस्त्याने टँकर. मुंबईहून मनमाडपर्यंत आणि तिथून थेट दिल्लीजवळ बिजवासनला मात्र पेट्रोल-डिझेल जमिनीखालून जातं. रिकामी खेप नाही, रस्त्यावर गर्दी नाही. खर्चही कमी.

पण नळीत तेल कुणाचं, हे आलेख सांगत नाही.

१९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं तेव्हा मी नोकरीत नवा होतो. पुढे समुद्राच्या तळावरून उरणपर्यंत नळी आली. नकाशावर ती रेघ काढताना खडू कसा ऐटीत चालायचा! १९८९ च्या सुमारास तिथलं उत्पादन शिखरावर होतं. मग उतरण लागली. सगळ्या देशाचं म्हणाल, तर २०११-१२ मध्ये आपण सुमारे ३ कोटी ८० लाख टन कच्चं तेल काढलं, २०२३-२४ मध्ये तीन कोटींपेक्षाही कमी. त्याच काळात आयात १७ कोटी टनांवरून २३ कोटींच्या पुढे गेली. म्हणजे घरची विहीर आटते आहे आणि नळाची धार मोठी होते आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या विहिरी खारट, म्हणून वान धरणावरून ८४ खेडी योजनेचं पाणी आलं. नळ आल्याचा आनंद मोठाच. पण धरणात पाणी किती, ही चौकशी गावकरी आधी करतात.

तेलाचं धरण तर परक्याच्या गावात. तिकडे खुट्ट झालं की इथे नांगरटीचा दर वाढतो.

नातवाला म्हटलं, "बाळा, त्याच कागदावर घरच्या तेलाचीही रेष काढ. दोन रेषांमधलं अंतर वाढतं आहे की कमी होतं आहे, ते पाहा. प्रगती तिथे मोजायची."

अजून त्याचा फोन आलेला नाही. तुम्हाला काय वाटतं? जरूर लिहा.